लिंकवर क्लिक भरपूर, पण पोस्ट कोणी वाचत नाही? मराठी ब्लॉगवाल्यांनी आधी हे तपासा

तक्रार नेहमी एकाच चालीची असते. ग्रुपवर लिंक टाकली, लोकांनी पटापट अंगठे दिले, ॲनालिटिक्सचा, म्हणजे वाचक मोजणाऱ्या साधनाचा, आकडा टुणकन वर गेला आणि सरासरी वेळ बघावा तर दहा सेकंदसुद्धा नाही. मग लेखक म्हणतो आता मराठी वाचतंय कोण, रील्सनी वाट लावली सगळ्याची, आणि थीम, म्हणजे साइटचा तयार साचा, बदलतो. नवी थीम आली की चार दिवस बरं वाटतं, मग परत तेच रडगाणं.

ओळखीपाळखीच्या लोकांचे ब्लॉग, मंडळांच्या साइट, एखादा दिवाळी अंक असलं काय काय मी सांभाळत असतो आणि माझं मत सरळ आहे, बहुतेक वेळा लेखात काही खोट नसते, माणूस लेखापर्यंत पोचायच्या आधीच कुठेतरी अडकून मागे फिरतो. त्यामुळे "कंटेंट सुधारा" हा सल्ला मी सगळ्यात शेवटी देतो. आधी अक्षरं बघायची, मग लिंक, मग पहिला परिच्छेद.

त्याच्याही आधी एक, आकडा नीट वाचा. सध्याच्या गूगल ॲनालिटिक्समध्ये माणूस १० सेकंदांपेक्षा जास्त थांबला, किंवा त्याने दोन पानं उघडली, किंवा तुम्ही ठरवलेली एखादी महत्त्वाची कृती केली तरच ती भेट एंगेज्ड, म्हणजे लक्ष देऊन केलेली, धरतात, आणि बाऊन्स रेट म्हणजे बरोब्बर त्याच्या उलट, अशा न धरलेल्या भेटींचं प्रमाण. जुलै २०२३ मध्ये बंद पडलेल्या जुन्या ॲनालिटिक्सचा हिशोब वेगळा होता, तिथे एकच पान वाचून गेलेला माणूस अर्धा तास बसला असला तरी बाऊन्समध्येच जायचा. म्हणून जुना आकडा काढून "आधी किती छान होतं" किंवा "आधी किती वाईट होतं" करत बसू नका. आणि स्क्रोल नावाचा जो इव्हेंट आपोआप नोंदला जातो तो पान ९० टक्के खाली गेल्यावरच नोंदतात, आता तुमच्या लेखाखाली संबंधित पोस्ट, कमेंट आणि लेखकाचा सविस्तर परिचय असली दीड हात शेपूट असेल तर लेख पूर्ण वाचून झालेला माणूससुद्धा त्या आकड्यात येणार नाही.

आता लॅपटॉप बाजूला ठेवा. घरातल्या कुणाचा तरी साधा अँड्रॉइड घ्या, वायफाय बंद करून मोबाइल डेटावर या, इनकॉग्निटो टॅब उघडा आणि स्वतःचीच पोस्ट व्हॉट्सॲपवरच्या लिंकवरून उघडा. ब्लॉग चालवणारे बरेच जण हे कधीच करत नाहीत, ते आपली साइट कायम लॉगिन करून मोठ्या स्क्रीनवर बघतात आणि तिथे सगळं देखणंच दिसतं.

अक्षरांचा घोळ

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक थीम रोमन अक्षरं समोर ठेवून बनवलेल्या असतात. हेडिंगला थोडं लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये जास्तीचं अंतर, दिलेलं असतं, इंग्रजीत ते ऐटदार दिसतं, मराठीत मात्र शिरोरेषा तुटते आणि "पावसाळी भाज्या" हे सहा सुटी अक्षरं रांगेत उभी केल्यासारखं दिसायला लागतं. डोळा शब्द एका नजरेत उचलतो तो त्या वरच्या रेघेच्या आधाराने, ती तुटली की वाचणारा अडखळतो आणि त्याला स्वतःलाही कळत नाही की का अडखळलो. लेटर-स्पेसिंग शून्य करा, हेडिंगला, मेनूला, बटणांना, सगळीकडे.

दुसरं लाइन-हाइट, म्हणजे एका ओळीला मिळणारी उंची. थीमने हेडिंगला १.१ किंवा १.२ दिलेलं असतं. आपल्याकडे अक्षराच्या डोक्यावर वेलांटी, त्यावर रफार, शेजारी अनुस्वार, आणि खाली उकार नाहीतर कृ-दृ ची शेपटी, म्हणजे वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफारावर जाऊन आपटतो. होमपेजवरच्या कार्डात तर अजून गंमत, तिथे जास्तीचा भाग कापून टाकायची सेटिंग असते, एका रेसिपी ब्लॉगवर "शेंगदाण्याची चटणी" चं वरचं टिंबच छाटलं जात होतं आणि मोबाइलवर ठळक अक्षरांत "शेगदाण्याची चटणी" दिसत होतं, लेखिकेला लोक शुद्धलेखन शिकवत होते आणि ती बिचारी एडिटर उघडून बघते तर अनुस्वार जागच्या जागी. हेडिंगला १.४ च्या खाली जाऊ नका, मजकुराला १.७-१.८ ठेवा. अक्षराचा आकार मोबाइलवर १७-१८ पिक्सेल तरी हवा, आपले बरेचसे वाचक चाळिशी लागलेले आहेत.

फॉन्टचं प्रकरण जरा मोठं आहे. थीममधल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर मराठी अक्षरं वाचणाऱ्याच्या फोनमधून किंवा कॉम्प्युटरमधून उचलली जातात, म्हणजे अँड्रॉइडवर बहुधा नोटो, आयफोनवर कोहिनूर, विंडोजवर निर्मला, अगदीच जुनं मशीन असेल तर मंगल. तुम्ही बघताय एक आणि वाचक बघतोय भलतंच. ह्यावर उपाय म्हणजे देवनागरी आणि रोमन दोन्ही असलेला एकच फॉन्ट घ्या. मुक्ता आहे, बलू आहे, हिंद आहे, पॉपिन्समध्येही देवनागरी आहे, ललित लेखनाला टिरो देवनागरी मराठी छान बसतो, सगळे फुकट. मुक्तामध्ये सात वजनं, म्हणजे अक्षरांच्या जाड्या, मिळतात म्हणून सातही लोड करू नका, जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल रोमनपेक्षा जड असते, साधं आणि ठळक अशी दोन बास. पण ती दोन खरोखर लोड करा, कारण ठळक वजन लोडच केलं नाही तर ब्राउझर साध्या अक्षरालाच फुगवून खोटं बोल्ड करतो आणि "क्ष", "ष्ट्य" असल्या अक्षरांच्या पोटातली मोकळी जागा बुजून काळा ठिपका होतो. इटॅलिकचंही तेच, ते लोड केलेलं नसेल तर ब्राउझर अक्षरं नुसती तिरकी ढकलतो. मराठीत जोर द्यायला बोल्ड आहे, अवतरणचिन्हं आहेत, तिरकं करायची हौस सोडा.

तुमचा ब्लॉग वर्डप्रेस ह्या प्रणालीवर चालत असेल तर जनरल सेटिंगमध्ये साइटची भाषा मराठी करा. त्याने पानावर भाषेची खूण मराठी अशी लागते आणि ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श हिंदी वळणाचे न येता आपल्या वळणाचे येतात. डॅशबोर्ड मराठी झालेला नको असेल तर प्रोफाइलमध्ये जाऊन स्वतःपुरती इंग्रजी ठेवता येते, साइटला काही होत नाही.

जस्टिफाय बंद करा. छापील पुस्तकात दोन्ही कडा सरळ छान दिसतात, मोबाइलच्या ओळीत जेमतेम चार-पाच शब्द बसतात आणि त्यात एखादा "वर्षानुवर्षांच्या" आला की उरलेल्या शब्दांमध्ये बैलगाडी जाईल एवढी भोकं पडतात.

आणि वर्डमधून पेस्ट करणाऱ्यांनो, तुमच्यामुळे माझा निम्मा वेळ जातो! वर्डमधून सरळ चिकटवलं की मजकुराबरोबर मंगल फॉन्ट, त्याचा आकार, रंग सगळं गुपचूप पानात येऊ शकतं, मग एक परिच्छेद मोठा, एक बारीक, एक करड्या रंगाचा, आणि थीममध्ये कितीही बदल करा, तो परिच्छेद हलत नाही. कंट्रोल शिफ्ट व्ही दाबून पेस्ट करा, साधा मजकूर येईल, बोल्ड-बिल्ड परत द्या. डीटीपीवाल्याकडून श्रीलिपी नाहीतर कृतिदेवमधली फाइल आली असेल तर ती आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलून घ्या, आणि कन्व्हर्टरने केलंय म्हणून डोळे मिटून छापू नका, त्या जुन्या फॉन्टांमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप केलेला असतो, त्यांच्या जागा बदलताना नेमका तिथेच घोळ होतो. हा मजकूर फॉन्टसकट तसाच साइटवर टाकून काम भागवणारेही आहेत अजून, त्यांचा लेख गूगलच्या दृष्टीने निव्वळ कचरा असतो, "दिवाळी" शोधलं तर सापडणार कसा.

जाता जाता, "ॲप" मधला ॲ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक अख्खं अक्षर, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं, आणि एक जुनी पद्धत, अ वर वेगळी चंद्रकोर. दिसायला सारखेच दिसू शकतात पण साइटवरच्या शोधात एक दिलं की दुसरं सापडत नाही. कुठलं तरी एक धरा आणि अख्ख्या ब्लॉगवर तेच वापरा.

मग हे परत परत का होतं

कारण तुम्ही, किंवा तुमच्या भाच्याने, बदल थेट थीमच्या फाइलमध्ये केलेले असतात. थीमचा अपडेट आला की त्या फाइली नव्याने लिहिल्या जातात आणि हेडिंगचं तुमचं १.४ परत १.२ होतं, तेही कुठलीही सूचना न देता. हे बदल चाइल्ड थीममध्ये, म्हणजे मूळ थीमवर बसणाऱ्या तुमच्या छोट्या वेगळ्या थीममध्ये, टाका, ते जमत नसेल तर कस्टमायझरमध्ये ॲडिशनल सीएसएस म्हणून चौकट असते तिथे टाका, अपडेटला ते टिकतं. पण त्यातही एक मेख आहे, ही चौकट प्रत्येक थीमची वेगळी असते, म्हणजे अपडेटमध्ये वाचलं तरी थीम बदलली की नव्या थीमची चौकट कोरी, आणि म्हणूनच "थीम बदलून बघितली तरी फरक नाही" म्हणणाऱ्यांचं दुखणं जागच्या जागी राहतं. तेवढ्या दहा-पंधरा ओळी एका नोटपॅड फाइलमध्ये जपून ठेवा. बदल केल्यावर कॅशे प्लगइनमधून कॅशे, म्हणजे पानांच्या साठवलेल्या जुन्या प्रती, साफ करा, नाहीतर तुम्ही दुरुस्त केलेलं तुम्हालाच दिसणार नाही आणि रागाच्या भरात अजून चार गोष्टी बिघडवून ठेवाल.

लिंकच अशी की हात लावू नये वाटतं

मराठी ब्लॉगला वाचक येतो तो मुख्यतः व्हॉट्सॲपवरून. तिथे लिंकबरोबर फोटो, शीर्षक आणि दोन ओळी दिसल्या तर ठीक, नुसती निळी अक्षरं दिसली तर लोक फसवणुकीची लिंक समजून पुढे जातात आणि हल्लीच्या दिवसांत त्यांचं काही चुकत नाही.

हा प्रीव्ह्यू पानातल्या ओजी टॅगमधून, म्हणजे वाचकाला न दिसणाऱ्या खुणांमधून, येतो. वर्डप्रेस स्वतःहून हे टॅग घालत नाही, योस्ट किंवा रँक मॅथसारखं एखादं प्लगइन लागतं, एकच घाला, दोन घातलीत तर दोघं आपापले टॅग घालतात आणि कुठला उचलला जाईल ते सांगता येत नाही. फोटो ६०० केबीच्या आत आणि निदान ३०० पिक्सेल रुंद हवा, फेसबुकलाही चालावा म्हणून १२०० बाय ६३० चा करा आणि त्यावर अक्षरं असतील तर मधोमध ठेवा, कडा कधी कधी कापल्या जातात. फोटो बदलला तरी जुनाच दिसत असेल तर फेसबुकच्या शेअरिंग डीबगरमध्ये लिंक टाकून परत ओढायला लावा. ते फेसबुकपुरतं झालं, व्हॉट्सॲपचा प्रीव्ह्यू पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होतो, तिथे लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि काहीतरी छोटं जोडून नवी लिंक असल्यासारखी पाठवली की बहुतेकदा नवा फोटो येतो.

आणि ती टक्केवाली लिंक! शीर्षक मराठीत लिहिलं की वर्डप्रेस पत्ताही मराठीतच करतं, ॲड्रेस बारमध्ये तो मराठीत दिसतो, कॉपी करून चिकटवला की टक्का-ई-शून्य, टक्का-ए-चार असं अर्धा स्क्रीन भरून भेंडोळं बाहेर येतं. ह्याचं कारण असं की देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइटचं (बाइट म्हणजे कॉम्प्युटरच्या साठवणीचं छोटं माप), आणि प्रत्येक बाइट पत्त्यात टक्का धरून तीन अक्षरांत लिहितात, म्हणजे एका चिन्हाला नऊ अक्षरं. वर्डप्रेसमध्ये पत्त्याच्या ह्या तुकड्याला २०० अक्षरांची मर्यादा आहे, भागून बघा, काना-वेलांट्या धरून बावीसेक चिन्हांत खेळ खलास. "कोकणातल्या पावसाळ्यातल्या रानभाज्या" ह्या शीर्षकाचा पत्ता "पावसाळ्या" च्या आसपास तुटतो, रानभाज्या पत्त्यात पोचतच नाहीत. प्रकाशित करायच्या आधी पत्ता रोमन अक्षरांत दोन-तीन शब्दांचा करून टाका. जुन्या पोस्टचा बदललात तर वर्डप्रेस जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप नेतं, तरी सगळ्या एका दिवसात बदलायला जाऊ नका, ज्या अजून शेअर होतायत तेवढ्याच बदला.

पहिला परिच्छेद

इथवर सगळं ठीक आहे आणि तरी लोक जातायत, तर मग लेखाची सुरुवात बघू. "आजच्या धावपळीच्या जीवनात" ने सुरू होणारी पोस्ट मी स्वतः पुढे वाचत नाही, तर दुसऱ्याने का वाचावी? त्याची भावंडं म्हणजे "आपल्या सर्वांनाच माहीत आहे की" आणि "नमस्कार मित्रांनो, कसे आहात सगळे, आज आपण पाहणार आहोत". व्हिडिओमध्ये हे चालतं, तिथे कॅमेऱ्यासमोर बोलणाऱ्याला श्वास घ्यायला वेळ लागतो. लिहिताना ही वाक्यं हातातून निघतात कारण मुद्दा अजून सापडलेला नसतो, ती लिहायला हरकत नाही, छापायच्या आधी खोडा.

थालीपीठाची भाजणी शोधणारी बाई काय डोक्यात घेऊन आलीय ते बघा. तिचं थालीपीठ थापताना फाटतंय, किंवा भाजणी कडवट झालीय, किंवा तिला दोन किलो भाजणीचं प्रमाण पाहिजे कारण लेक परत पुण्याला निघालीय. ब्लॉगवर पहिल्या परिच्छेदात थालीपीठ हा महाराष्ट्राचा पारंपरिक पदार्थ आहे, दुसऱ्यात त्यात प्रथिनं आणि तंतू भरपूर असतात, तिसऱ्यात लेखिकेच्या आजीचं घर, मग एक जाहिरात. प्रमाण कुठेय? त्याऐवजी "भाजणीत उडीद कमी पडला की थालीपीठाला चिकटपणा येत नाही आणि थापताना कडा फाटतात, खाली दोन किलोचं प्रमाण दिलंय" इथून सुरू करा, बाई थांबते. आजीही येऊ दे, पण धान्य वेगवेगळं आणि मंद आचेवर का भाजायचं हे आजी सांगत असेल तिथे येऊ दे, म्हणजे तिला लेखात काहीतरी काम असतं.

ट्रेकवाल्यांचंही असंच. राजगड ही महाराजांची राजधानी होती हे गुंजवण्याच्या वाटेवर गाडीत बसलेल्या माणसाला ठाऊक आहे हो. त्याला विचारायचंय की पावसात चोर दरवाजाची वाट आईला झेपेल का, त्यापेक्षा पाली दरवाजाने गेलेलं बरं का, पद्मावती माचीवर मुक्कामाला जागा मिळेल का. हे वर घ्या, इतिहास खाली जाऊ द्या, वाचणारे तिथपर्यंत येतात.

शोधायला येणारे लोक नेमकं काय टाइप करून आले ते गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये फुकट दिसतं आणि ते बघणारे मराठी ब्लॉगर मला फार भेटलेले नाहीत. बरेच जण मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, त्यांच्यासाठी फोटोच्या नावात, मघाशी म्हटलं त्या पत्त्यात तो शब्द रोमनमध्ये येऊ द्या, मजकुरात कोंबू नका. आणि मजकूर फोटोवर छापून सुविचारासारखा टाकायची सवय असेल तर ती लेखासाठी मोडा, त्यातलं अक्षर ना नीट शोधता येतं ना कॉपी करता येतं, आणि अक्षर मोठं करून वाचणाऱ्या आजोबांची तर पंचाईतच.

वेगाचं थोडक्यात. पानाचा वेग मोजणाऱ्या गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये मोबाइलचा टॅब बघा, मुख्य मजकूर किंवा फोटो २.५ सेकंदांत दिसायला हवा असं गूगलचं माप आहे. फोनमधला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवू नका, १२०० पिक्सेल रुंदीला आणा, वेबपी ह्या हलक्या प्रकारात करा, वर्डप्रेस ५.८ पासून ते सरळ चढवता येतं. सरकत्या पाट्यांचा स्लायडर काढून टाका, तिसरी चौथी पाटी बघायला कोणी थांबत नाही. जाहिरातीला आधीच जागा राखून ठेवा, नाहीतर वाचता वाचता ओळ खाली उडी मारते आणि बोट जाहिरातीवर पडतं. आणि पान उघडल्या उघडल्या नोटिफिकेशनची परवानगी मागणं बंद करा, ओळख ना पाळख.

प्रश्नचिन्हं, चौकटी आणि टोपीवाले ए

हे होस्टिंग, म्हणजे साइट ठेवलेली जागा, बदललं की हमखास येतं, आणि लोक घाबरून नेमकं नको ते करतात. अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हांची रांग दिसत असेल आणि ती डेटाबेसमध्येही तशीच असेल तर मूळ अक्षरं गेली, त्या प्रश्नचिन्हांतून ती परत येत नाहीत, बॅकअपच लागतो. म्हणून अशी पोस्ट उघडून "अपडेट" दाबू नका, कशालाच हात लावू नका. त्याऐवजी डोक्यावर टोपी घातलेल्या रोमन ए सारखी चित्रविचित्र अक्षरं दिसत असतील तर बहुधा अजून आशा आहे, बाइट शाबूत असतात, फक्त चुकीच्या कॅरेक्टर सेटने, म्हणजे चुकीच्या अक्षर-यादीने, वाचले जातायत, होस्टिंगवाल्याला डेटाबेस युटीएफ-८-एमबी-४ मध्ये आहे का आणि कनेक्शनही त्याच सेटमध्ये होतंय का तेवढं बघायला सांगा.

आणि लेख ठणठणीत पण होमपेजवरच्या सारांशाच्या शेवटी काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह, तर ते होस्टिंगचं पाप नव्हे. थीमने सारांश बाइट मोजून कापलाय, तीन बाइटचं अक्षर मध्येच चिरलं गेलंय. थीम लिहिणाऱ्याला मजकूर कापायला सबस्ट्र ह्या आज्ञेच्या जागी एमबी-सबस्ट्र वापरायला सांगा, किंवा प्रत्येक पोस्टला सारांश हाताने लिहा, तोच प्रीव्ह्यूच्या दोन ओळींनाही कामाला येतो, मात्र थीम ज्या लांबीला कापते त्याच्या आत बसवा.

साइट हलवल्यावर जुनं होस्टिंग निदान महिनाभर चालू ठेवा, आणि नव्या जागी होमपेज बघून खूश होऊ नका, सगळ्यात जुनी पोस्ट, एखादी जोडाक्षरांनी भरलेली पोस्ट आणि एखादी मराठी कमेंट उघडून वाचा. तिन्ही नीट दिसल्या की मग जुन्याचे पैसे भरणं थांबवा.